स्टर्नवर लिहिलेलं 'मोनरोव्हिया': यादवीतल्या लायबेरियाचे रूळ, रस्ते, बंदरं आणि पैसा

तांडेल (धागाकर्ता)

मी मर्चंट नेव्हीत इंजिन खात्यात आहे. एकोणीस वर्षांत जेवढ्या जहाजांवर काम केलं, त्यांतल्या निम्म्याहून जास्त जहाजांच्या स्टर्नवर, म्हणजे मागच्या बाजूला, नावाखाली 'मोनरोव्हिया' लिहिलेलं होतं. मोनरोव्हिया ही पश्चिम आफ्रिकेतल्या लायबेरियाची राजधानी, ही जहाजं कागदोपत्री तिथली. रत्नागिरी, देवगड, अलिबाग, मुंबई, सगळीकडची आपली पोरं या झेंड्याखाली नोकरी करतात. लाल-पांढरे पट्टे आणि निळ्या चौकोनात एकच तारा. पण तो देश पाहिलेला माणूस जहाजावर क्वचितच भेटतो. २०१३ साली आमचं जहाज लोहखनिज भरायला बुकॅनन बंदरात लागलं तेव्हा मी पहिल्यांदा लायबेरियाच्या जमिनीवर पाय ठेवला. तेव्हापासून मिळेल ते वाचत आलोय. बरेच दिवस मनात होतं, आज सुट्टीत घरी आहे म्हणून लिहायला घेतलं.

बुकॅननच्या धक्क्यामागे जुन्या कारखान्याचा सांगाडा उभा होता. गंजलेल्या पट्टावाहकांच्या खांबांवर वेली चढलेल्या. तिथे एक म्हातारा रोज येऊन बसायचा. तिकडे वयस्कर माणसाला 'ओल्ड पा' म्हणतात, आपण 'आजोबा' म्हणतो तसं. युद्धाआधी तो निंबाच्या खनिजगाड्यांवर कामाला होता. त्याच्याशी दोन संध्याकाळ बोललो आणि मग नकाशा काढून बसलो. या धाग्यात मला मुख्यतः तो नकाशाच सांगायचा आहे. लायबेरियाच्या यादवीबद्दल आपल्याकडे जे थोडंफार वाचायला मिळतं त्यात क्रौर्य असतं, बालसैनिक असतात, बंडखोरांचा म्होरक्या चार्ल्स टेलर असतो. रूळ आणि बंदरं कुणी सांगत नाही. आणि माझ्या मते ती युद्धं नेमकी त्यांच्याच भोवती फिरली.

आधी भूगोल. देश सुमारे १ लाख ११ हजार चौरस किलोमीटरचा, महाराष्ट्राच्या एक तृतीयांशाहून थोडा मोठा. किनारा साधारण ५८० किलोमीटर. मानो, लोफा, सेंट पॉल, सेंट जॉन, सेस्टॉस, कॅव्हाला या सगळ्या नद्या ईशान्येकडच्या डोंगराळ भागातून निघून एकमेकींना जवळपास समांतर नैर्ऋत्येला समुद्रात जातात. कोकणातल्या माणसाला हे चित्र लगेच कळेल. किनाऱ्याने प्रवास करायचा तर दर थोड्या अंतरावर एक नदी ओलांडायची. मुखाशी वाळूचे दांडे आणि थोडं आत गेलं की खडकांवरून उसळणारं पाणी, त्यामुळे होडीने आत फार जाता येत नाही. म्हणजे सगळा भार पुलांवर. पूल ज्याच्या हातात, रस्ता त्याचा.

जमीन म्हणाल तर आपलाच जांभा. बोटीवरून उतरलो आणि ती लाल माती पाहून क्षणभर घरी आल्यासारखं वाटलं. मोनरोव्हियात वर्षाला साडेचार ते पाच हजार मिलिमीटर पाऊस पडतो, रत्नागिरीच्या जवळजवळ दीडपट. मे ते ऑक्टोबर जांभ्याच्या कच्च्या रस्त्यांचा चिखल होतो. आग्नेयेकडचे झ्वेड्रू, हार्पर हे भाग शांततेच्या काळातही पावसाळ्यात राजधानीपासून तुटायचे.

नैसर्गिक बंदर एकही नाही. १९४८ मध्ये मोनरोव्हियाचं फ्रीपोर्ट सुरू होईपर्यंत जहाजं लांब नांगर टाकायची आणि क्रू जमातीचे लोक लाटा फोडत छोट्या होड्यांतून माल किनाऱ्याला आणायचे. दर्यावर्दी म्हणून या लोकांचं नाव सगळ्या पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर होतं.

आता रूळ. देशात तीन रेल्वेमार्ग झाले, तिन्ही खनिजासाठी. पहिला बोमी हिल्सहून मोनरोव्हियाला, तोच पुढे मानो नदीच्या खाणीपर्यंत वाढला. दुसरा बाँगच्या खाणीतून मोनरोव्हियाला, ती खाण जर्मनांनी चालवलेली. तिसरा सगळ्यात मोठा, निंबा पर्वतातल्या येकेपाहून बुकॅननपर्यंत सुमारे २७० किलोमीटर. तो स्वीडिश-अमेरिकन भागीदारीतल्या लॅम्को कंपनीने बांधला आणि १९६३ मध्ये सुरू झाला. बोमीच्या मार्गाचा गेज (दोन रुळांमधलं अंतर) अरुंद, बाकी दोघांचा स्टँडर्ड. तिन्ही मार्ग एकमेकांना कुठेच जोडलेले नाहीत. एका गावाहून दुसऱ्या गावाला जायला म्हणून रेल्वे बांधलीच नाही. डोंगर फोडायचा, डब्यात भरायचा, जहाजात ओतायचा, एवढंच तिचं काम.

रबराचंही तेच. १९२६ च्या कराराने फायरस्टोनला ९९ वर्षांसाठी १० लाख एकरांपर्यंत जमीन घेण्याचा हक्क मिळाला, एकरी ६ सेंट भाड्याने. मळ्याच्या गावाचं नाव हार्बेल, मालक हार्वे आणि त्याची बायको इडाबेल यांच्या नावांवरून. देशाचा मोठा विमानतळ रॉबर्ट्सफील्डसुद्धा राजधानीजवळ नसून हार्बेलजवळ आहे. वीज, दवाखाना, शाळा, पाणी हे सगळं कंपनीच्या कुंपणाच्या आत. कुंपणाबाहेर पायवाट.

२४ डिसेंबर १९८९ ला टेलरची माणसं आयव्हरी कोस्टमधून निंबा परगण्यात बुटुओला घुसली. काही महिन्यांतच, म्हणजे मे-जून १९९० मध्ये, बुकॅनन आणि रॉबर्ट्सफील्ड त्यांच्या हातात होतं. खाण, रूळ, बंदर, मळा, धावपट्टी, सगळं एका ओळीत. ऑगस्ट १९९० मध्ये पश्चिम आफ्रिकी देशांची फौज, इकोमॉग, मोनरोव्हियाच्या फ्रीपोर्टवर उतरली. राष्ट्राध्यक्ष सॅम्युएल डो ९ सप्टेंबरला तिथेच पकडला गेला, राजवाड्यात नव्हे, बंदरात, आणि मग त्याला दुसरीकडे नेऊन मारलं. त्यानंतर जवळपास सात वर्षं देशाचे दोन तुकडे होते. राजधानी आणि तिच्यातलं बंदर इकोमॉग आणि हंगामी सरकारकडे. बाकी बहुतेक देश टेलरकडे, त्याची राजधानी बँगा. त्याला लोक 'ग्रेटर लायबेरिया' म्हणत.

जागतिक बँकेच्या आकड्यांनुसार १९८७ ते १९९५ या काळात देशाचं सकल उत्पन्न ९० टक्क्यांहून जास्त घसरलं. इतकी मोठी घसरण जगात फार थोड्या देशांनी पाहिली आहे. पण त्याच वर्षांत बुकॅननहून लाकूड जात होतं, रबर जात होतं, खनिज जात होतं. पैसा आटला नाही, त्याचं पात्र बदललं. याबद्दल कुणाला काही ठाऊक असेल, किंवा तिकडे कुणी राहिलं असेल, तर जरूर लिहा.

---

मृण्मयी

सुरेख लिहिलंय. नकाशा उघडून शेजारी ठेवला आणि मग वाचलं. रूळ एकमेकांना जोडलेच नव्हते हे वाचून थबकले. पुढचं लिहा, वाचतेय.

---

पोफळीकर

मी वीज मंडळातून निवृत्त झालो, उमेदीची सगळी वर्षं कोयनेवर गेली. तांडेल, तुमच्या नकाशात एक गोष्ट राहिली, ती मी सांगतो. माउंट कॉफी.

मोनरोव्हियाच्या वरच्या अंगाला सेंट पॉल नदीवर १९६६ मध्ये हे जलविद्युत केंद्र सुरू झालं. पुढे क्षमता ६४ मेगावॉटपर्यंत गेली. आपल्या हिशेबाने लहान, पण त्या राजधानीचा जीव त्यातच होता. शहराचं पाणी शुद्ध करणारं व्हाइट प्लेन्सचं केंद्रही त्याच भागात. म्हणजे दिवा आणि नळ दोन्ही एकाच ठिकाणाहून.

१९९० च्या पावसाळ्यात टेलरच्या माणसांनी हे केंद्र ताब्यात घेतलं. कर्मचारी जीव मुठीत धरून पळाले. आता धरणावर काम केलेल्या माणसाला पुढचं सांगावं लागत नाही. पावसाळ्यात नदी फुगते, सांडव्याचे दरवाजे वेळेवर उचलावे लागतात. दरवाजा आपोआप उचलला जात नाही, त्याला वीज लागते आणि दर तासाला पातळी बघणारा माणूस लागतो. जुलै-ऑगस्टमध्ये आम्ही रात्र रात्र दरवाजांच्या खोलीत काढली आहे. एका हातात टॉर्च, दुसऱ्या हातात पातळीची वही, आणि पायाखाली पाण्याचा आवाज असा की शेजाऱ्याशी ओरडून बोलावं लागायचं. माउंट कॉफीला त्या वर्षी दरवाजे उचलायला कुणी नव्हतं. पाणी वरून वाहिलं आणि मातीच्या बांधाला खिंडार पाडून गेलं. गोळा न डागता धरण फुटलं.

नंतरच्या वर्षांत यंत्रं, तांब्याच्या तारा, जे काढता येईल ते लोकांनी काढून नेलं. माझ्यासारख्याला फोटो बघवत नाहीत. जनित्राच्या खड्ड्यात झाडं उगवलेली.

मोनरोव्हियाला त्यानंतर पंधरा-सोळा वर्षं सार्वजनिक वीज नव्हती. ज्याला परवडलं त्याने जनरेटर घेतला. जुलै २००६ मध्ये, स्वातंत्र्यदिनाला, काही रस्त्यांवर दिवे लागले, तेही जनरेटरवरच. माउंट कॉफी पुन्हा चालू व्हायला डिसेंबर २०१६ उजाडला. मधे २६ वर्षं.

---

कुतूहल

धागा आवडला. पण एक शंका आहे, राग मानू नका. हे युद्ध जमातींचं नव्हतं का? क्रान विरुद्ध गिओ आणि मानो, असंच सगळीकडे वाचलंय. तुम्ही सगळं रुळांवर आणून ठेवताय असं वाटलं.

---

तांडेल

राग कसला, प्रश्न बरोबर आहे. जमातीचा भाग खरा आहे आणि तो भयंकर आहे. थोडं मागे जावं लागेल.

१८२२ पासून अमेरिकेतून मुक्त झालेले कृष्णवर्णीय या किनाऱ्यावर वसवले गेले, १८४७ मध्ये त्यांनी प्रजासत्ताक जाहीर केलं. त्यांच्या वंशजांच्या हातात १९८० पर्यंत सत्ता होती, एकाच पक्षाची. किनारा त्यांचा, आतला प्रदेश करवसुलीचा. १४ एप्रिल १९७९ ला तांदळाचे भाव वाढवण्याच्या प्रस्तावावरून मोनरोव्हियात दंगल झाली, पोलिसांच्या गोळीबारात अनेक माणसं मेली. वर्षभराने, १२ एप्रिल १९८० ला, मास्टर सार्जंट डोने राष्ट्राध्यक्ष टॉल्बर्टला मारून सत्ता घेतली. दहा दिवसांनी जुन्या राजवटीतल्या १३ जणांना समुद्रकिनाऱ्यावर खांबांना बांधून गोळ्या घातल्या. लोकांना वाटलं आता आपलं राज्य आलं. डोने सैन्यात आपल्या क्रान लोकांना पुढे आणलं. नोव्हेंबर १९८५ मध्ये थॉमस क्विवोंक्पाचं बंड फसलं. तो निंबाचा. मग सैन्याने निंबातल्या गिओ आणि मानो लोकांवर सूड उगवला. म्हणून १९८९ मध्ये टेलर निंबातून आला, तिथे त्याच्या मागे जायला लोक तयार बसले होते.

इथपर्यंत तुमचं म्हणणं मला पूर्ण मान्य. पण तोच निंबा देशाचा लोखंडाचा डोंगर आहे आणि तिथूनच बुकॅननचे रूळ निघतात. राग जमातीचा होता, पण रागावर चौदा वर्षं युद्ध चालत नाही. डिझेल लागतं, गोळ्या लागतात, पोरांना भात लागतो. ते कुठून आलं हे मी शोधतोय.

---

दोडामार्गकर

रबराबद्दल मी लिहितो, आमच्या पंचक्रोशीत आता बऱ्यापैकी रबर आहे आणि आमची स्वतःची चार एकर बाग आहे.

रबर हे युद्धातलं विलक्षण पीक आहे, हे तुमचा लेख वाचताना लक्षात आलं. झाड सहा-सात वर्षांचं झालं की चीक द्यायला लागतं आणि पुढे पंचवीस-तीस वर्षं देतं. पहाटे उजाडायच्या आत जायचं, सालीवर तिरका काप घ्यायचा, जेमतेम दीड मिलिमीटर जाडीचा, खाली वाटी टांगलेली. पूर्वी करवंट्या बांधायचे. ऊन चढलं की चीक थांबतो. बस्स. यंत्र नको, वीज नको, नांगर नको. हातात सुरी असलेला कुणीही माणूस हे करू शकतो. खाण बंद पाडली तर बंदच राहते, तिला पंप, क्रेन, इंजिनिअर लागतात. रबराची बाग मात्र मालक पळून गेला तरी उभी असते आणि जो येईल त्याला चीक देते.

पण काप खोल गेला तर साल परत येत नाही. घाईत असलेला माणूस दोन्ही बाजूंनी खरवडतो, वर चढून खरवडतो. आज जेवढं निघेल तेवढं काढ, उद्याचं झाड उद्या बघू. याला धंद्यात 'स्लॉटर टॅपिंग' म्हणतात. तसं झालेलं झाड मी आमच्याकडे पाहिलंय, खांबावर करवत फिरवल्यासारखं दिसतं. लायबेरियात हे मळेच्या मळे झालं असं वाचलंय. बोमीतला गथ्री मळा तर युद्ध संपल्यावरही माजी लढवय्यांच्या ताब्यात होता, तेच चीक काढून विकत होते. २००६ मध्ये सरकारने तो परत घेतला.

---

तांडेल

दोडामार्गकर, हे फार मोलाचं सांगितलंत. युद्धातही हार्बेलचा मळा कसा चालला, हे कोडं यावरून मला थोडं सुटलं. १९९० मध्ये लढाई आली तेव्हा फायरस्टोनचे परदेशी अधिकारी निघून गेले, आणि १९९२ च्या सुरुवातीला कंपनीने टेलरच्या बँगाच्या राजवटीशी लेखी समझोता करून काम पुन्हा सुरू केलं. कर त्या राजवटीला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये टेलरने मोनरोव्हियावर मोठा हल्ला चढवला, 'ऑपरेशन ऑक्टोपस', आणि त्याची तयारी हार्बेलच्या भागातून झाली. जून १९९३ मध्ये त्याच मळ्याच्या हद्दीत कार्टर कॅम्पला विस्थापितांची कत्तल झाली, सुमारे ६०० माणसं. बायका, मुलं, म्हातारे. झोपलेले होते.

हे लिहिताना हात जड होतो, पण मळ्याचा हिशेब सांगायचा आणि हे वगळायचं, ते मला जमणार नाही.

---

रोखपाल

बँकेत ३१ वर्षं रोखीवर काढली, म्हणून नोटांबद्दल.

लायबेरियात अमेरिकी डॉलरच कायदेशीर चलन होता. १९८० च्या दशकात डोच्या राजवटीत डॉलर देशाबाहेर पळाले, सरकारकडे पगाराला पैसे उरेनात, तेव्हा पाच डॉलरची नाणी पाडली. लोक त्यांना 'डो डॉलर' म्हणत. नाण्यांची पोती घेऊन बाजारात जायची वेळ आली. मग जोसेफ जेंकिन्स रॉबर्ट्स या पहिल्या राष्ट्राध्यक्षाच्या चित्राची पाचाची नोट आली. तिचं नाव पडलं 'जेजे'.

१९९० मध्ये बँका लुटल्या गेल्या, जेजे नोटांचे गठ्ठे लढणाऱ्यांच्या हाती गेले. त्या निरुपयोगी ठरवायला मोनरोव्हियातल्या हंगामी सरकारने १९९२ मध्ये नवी नोट काढली, 'लिबर्टी'. टेलरने ती आपल्या भागात चालू दिली नाही. झालं, एका देशात दोन नोटा. राजधानीत जेजे चालत नाही, बँगात लिबर्टी चालत नाही. बँगाहून पाम तेलाचा डबा घेऊन मोनरोव्हियाला आलेल्या बाईने काय करायचं? तिने एका हाताने लिबर्टी घ्यायची आणि परत जाताना चौकीजवळच्या सराफाकडे बदलून जेजे घ्यायची, मधे तो आपलं काढणार. नोट हीच सीमा झाली. हे २००० सालापर्यंत चाललं, मग एकच नोट आली.

माझ्या काउंटरवर फाटकी नोट आली की मी वैतागायचो. त्या बाईच्या जागी स्वतःला ठेवून पाहिलं आणि गप्प बसलो.

---

अनघा_प

मी २००८ ते २०१० मोनरोव्हियात होते. एका भारतीय व्यापाऱ्याच्या दुकानात नवरा हिशेब बघायचा, मी घर आणि दुपारी दुकान. आमच्या दुकानातल्या बायका-पोरांनी जे सांगितलं ते लिहिते.

तिकडे 'जेवलीस का' म्हणजे 'भात खाल्लास का'. दुसरं काहीही खाल्लं तरी ते जेवण नाही. कसाव्याच्या पाल्याची भाजी, पाम तेल आणि भात. आपल्या कोकणी माणसाला परकं वाटायचं काही कारणच नाही. तांदूळ पोत्याने परदेशातून येतो आणि बाजारात कपाने मोजून विकला जातो, आपल्याकडे पूर्वी मापट्याने विकायचे तसा. म्हणून शहराची नाडी म्हणजे कपाचा भाव.

२००३ च्या जून-जुलैमध्ये, टेलर राष्ट्राध्यक्ष असताना, लर्ड या बंडखोर गटाने राजधानीवर तीनदा चढाई केली. लोक त्यांना पहिलं, दुसरं आणि तिसरं महायुद्ध म्हणतात, आजही. लर्ड वायव्येकडून आले, सेंट पॉलचा पूल ओलांडून बुशरॉड बेटावर. फ्रीपोर्ट त्याच बेटावर आहे. तिथून मुख्य शहरात यायला मेसुराडो नदीवर दोन पूल. पुलांच्या अलीकडे टेलरची पोरं, पलीकडे लर्डची. आता विचार करा, तांदळाची सगळी गोदामं बंदरात, आणि दहा लाखांच्या आसपास माणसं पुलाच्या या बाजूला. आमच्याकडे काम करणारी एक बाई सांगायची, गोदामातून तांदूळ लुटून तिकडची माणसं पोत्यावर बसून विकत होती आणि आम्ही पुलाच्या टोकाला उभं राहून नुसतं बघत होतो. शेवटी कपाचा भाव ऐकून लोक परत फिरायचे. तिने त्या महिन्यात पपईची मुळं उकडून मुलांना दिली. हे सांगताना ती भांडी घासत होती, हात थांबले नाहीत.

वॉटरसाइडचा बाजार त्या पुलाच्या तोंडाशी आहे. मी होते तेव्हाही तिथल्या भिंतींवर गोळ्यांची भोकं तशीच होती आणि त्यांच्यावर दोऱ्या बांधून कपडे विकायला टांगलेले. वर टेकडीवर ड्यूकर हॉटेल. एकेकाळचं आलिशान हॉटेल, १९८९ ला बंद पडलं, नंतर विस्थापित कुटुंबं वर्षानुवर्षं त्यात राहिली. वरच्या मजल्यांवर पाणी बादलीने चढवायचे.

एक अभिमानाची गोष्टही सांगते. जानेवारी २००७ मध्ये केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या शंभराहून जास्त महिला संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत तिथे आल्या. पूर्णपणे महिलांची अशी तुकडी जगात पहिलीच. राष्ट्राध्यक्ष एलन जॉन्सन सर्लिफ यांच्या कार्यालयाबाहेर पहारा त्यांचा असायचा. एकदा संध्याकाळी त्यांची गाडी आमच्या रस्त्याने गेली, मी गॅलरीतून हात हलवला, एकीने 'नमस्ते' म्हणून ओरडून उत्तर दिलं. घरापासून इतकं लांब. मी आत जाऊन थोडी रडले.

आणि हो, मोटरसायकल टॅक्सीला तिकडे 'पेन-पेन' म्हणतात. चालवणारे बरेचसे पूर्वी लढलेली पोरं. पुढे पुण्याच्या बजाजच्या तीनचाकीही तिकडे आल्या, त्यांना 'केके' म्हणतात. मैत्रिणीने फोटो पाठवला तेव्हा वाटलं स्वारगेटच आहे.

---

तांडेल

अनघाताई, हे वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही. त्या बाईपुढे माझा नकाशा कोरडा वाटायला लागला. पण तुम्ही सांगितलेल्या त्या आठवड्यांतच नकाशाची शेवटची घडी उलगडते, म्हणून लिहितो.

१९९७ च्या जुलैमध्ये टेलर निवडणूक जिंकून राष्ट्राध्यक्ष झाला, सुमारे ७५ टक्के मतांनी. बंदुकीने मिळालेलं आता कायद्याने मिळालं. लोखंड बंद होतं, तेव्हा पाळी आली जंगलाची. पश्चिम आफ्रिकेच्या या पट्ट्यातलं जे जुनं पर्जन्यवन शिल्लक आहे त्यातलं सर्वात जास्त लायबेरियात आहे. ओरिएंटल टिंबर कंपनीने बुकॅननपासून आत जंगलात रस्ते काढले, जिथे सरकारचा रस्ता कधीच गेला नव्हता तिथे. त्याच रस्त्यांनी ओंडके खाली आले आणि शस्त्रं वर गेली. तिच्याशी संबंधित डच व्यापारी गस कौवेनहोव्हेन याला नेदरलँड्सच्या न्यायालयाने २०१७ मध्ये १९ वर्षांची शिक्षा दिली.

संयुक्त राष्ट्रांनी २००१ मध्ये लायबेरियाच्या हिऱ्यांवर बंदी घातली, जुलै २००३ मध्ये लाकडावर. त्याच जुलैत लर्ड फ्रीपोर्टमध्ये होतं. २८ जुलैला मॉडेल या दुसऱ्या बंडखोर गटाने बुकॅनन घेतलं. टेलरवर खटला दाखल झालेला होता, अमेरिकेचा दबाव होता, शेजारी देशांचा होता, पांढरे कपडे घालून मासळीबाजाराजवळ रोज बसणाऱ्या बायकांचा होता. ते सगळं मोजूनही मला हे दिसतं, की दोन्ही बंदरं गेल्यावर दोन आठवड्यांत, ११ ऑगस्टला, तो सत्ता सोडून नायजेरियाला गेला.

---

कुतूहल

माझ्या शंकेचं उत्तर मिळालं, आभार. आता स्टर्नवरच्या नावाबद्दल. युद्ध चालू असताना जहाजांची नोंदणी चालूच होती का? आणि तो पैसा कुठे जायचा?

---

तांडेल

चालूच होती, एक दिवसही थांबली नाही. १९४८ मध्ये अमेरिकेचे माजी परराष्ट्रमंत्री एडवर्ड स्टेटिनियस यांच्या पुढाकाराने ही नोंदणी सुरू झाली, आणि तिचा कारभार पहिल्यापासून अमेरिकेतून चालतो. सध्या व्हर्जिनियातून. जहाजाला मोनरोव्हिया बघायची गरज नाही, मालकाला नाही, खलाशालाही नाही. शहरात वीज नाही, पाणी नाही, आणि त्या शहराच्या नावाने जगभर हजारो जहाजं फिरताहेत. टँकर, कंटेनर, बल्क, सगळी.

पहिल्या युद्धात मोनरोव्हियातल्या हंगामी सरकारच्या उत्पन्नाचा फार मोठा हिस्सा या नोंदणीचा होता. त्या पैशावर निदान राजधानीत काही पगार झाले. पुढे टेलर सत्तेवर असताना संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने २००१ मध्ये लिहिलं, की नोंदणीच्या पैशातून निर्बंध मोडणाऱ्या शस्त्रव्यवहाराचीही देणी भागवली गेली.

मी नोकरीला लागलो तो काळ याच्या थोडा नंतरचा. पण माझ्या वडिलांच्या वयाचे आमचे पहिले चीफ इंजिनिअर नव्वदच्या दशकात याच झेंड्याखाली होते. सरळमार्गी माणूस, पगार घरी पाठवला, मुलींची शिक्षणं केली. त्यांना हे सगळं कुणी सांगितलंच नव्हतं. गेल्या वर्षी मी सांगितलं, तर बराच वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "ते बंदर दिसतं कसं रे?" मी फोटो दाखवले.

---

पोफळीकर

आता रुळांचं काय झालं? तुम्ही २०१३ मध्ये बुकॅननला खनिज भरलंत, म्हणजे निंबाची गाडी चालू झाली असणार.

---

तांडेल

काका, २००५ मध्ये हंगामी सरकारने मित्तल यांच्या कंपनीशी करार केला, हो, आपल्या लक्ष्मी मित्तल यांच्याच. तो करार कंपनीच्या फारच पथ्यावर पडणारा होता, म्हणून सर्लिफ सरकारने २००६ मध्ये पुन्हा वाटाघाटी केल्या. रूळ दुरुस्त झाले, २०११ मध्ये बुकॅननहून खनिज निघालं. बाँगच्या खाणीवर चिनी कंपनी आली. बोमीचा मार्ग गेला तो गेलाच.

पुढे नवा वाद उभा राहिला. निंबा पर्वताची दुसरी बाजू गिनीत आहे, तिथलं खनिज समुद्रापर्यंत न्यायला सर्वात जवळचा मार्ग हेच रूळ. मग रूळ एका कंपनीच्या हातात असावेत की भाडं भरणाऱ्या सगळ्यांना खुले, यावर लायबेरियाच्या सरकारात आणि संसदेत बरीच ओढाताण झाली आहे. २०१० मध्ये देशाचं सुमारे ४६० कोटी डॉलरचं कर्ज माफ झालं, त्यामुळे आता निदान बोलणी करायला तरी हात मोकळे आहेत.

त्या ओल्ड पाबद्दल एक सांगायचं राहिलं. संध्याकाळी गाडी यायची वेळ झाली की तो रुळाच्या कडेला उकिडवा बसायचा आणि डबे मोजायचा. बोटं मांडीवर आपटत, ओठ न हलवता. जुन्या नोकरीत त्याचं तेच काम होतं, म्हणाला. दुसऱ्या दिवशी मीही शेजारी बसून मोजले. माझा आकडा दोनने कमी आला. त्याने मान हलवली आणि पुलाकडे बोट दाखवून सांगितलं, की तिथे वळणावर दोन डबे झाडाआड येतात, ते आवाजावरून धरायचे.

---

मृण्मयी

तांडेल, त्या पुलाचा फोटो असेल तर टाकाल का?

---

तांडेल

आहे. जुन्या फोनमध्ये आहे, उद्या शोधून टाकतो. म्हातारबाबांचा चेहरा त्यात नाही, फक्त पाठ आणि रूळ.